जंतूंच्या आधीचे पाश्चर

आमटीत घातलेल्या चिंचेच्या कोळाचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा असतो. हेच आम्ल द्राक्षांतही असते. द्राक्षांची वाइन करून ती लाकडी पिंपात मुरत ठेवली, की पिंपाला आतून एक खरखरीत खपली धरते. ती याच आम्लाच्या क्षाराची. युरोपातील वाइन करणाऱ्यांना ही खपली शतकानुशतके माहीत होती. १८४८ साली पॅरिसमधल्या पंचविशीच्या एका तरुणाने या आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली धरले, एकेक करून निवडले, पाण्यात विरघळवले आणि त्या पाण्यातून प्रकाश पाठवून पाहिला. आपण आज घेतो त्या कित्येक गोळ्यांच्या नावांमागे त्या दिवशी त्याला दिसलेली गोष्ट आहे. त्या तरुणाचे नाव लुई पाश्चर.

पाश्चर म्हटले की आपल्याला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस आठवते, दुधाचे पाश्चरीकरण आठवते. पण जंतूंकडे वळण्याआधी जवळजवळ दहा वर्षे हा माणूस रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांच्या सीमेवर काम करत होता. त्याचा विषय होता प्रकाशाचे ध्रुवीकरण आणि स्फटिकांचे आकार. चरित्रांत हा भाग बहुधा दोन पानांत उरकला जातो. खरे तर पुढचे जंतूंचे सगळे काम या दहा वर्षांतून निघाले.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधील दोल या गावचा. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. सैन्य सुटल्यावर ते कातडी कमावण्याच्या घरच्या धंद्याला लागले. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वा या गावी राहायला गेले. गाव द्राक्षमळ्यांचे. नदीकाठच्या घरातच कातड्याचा कारखाना होता.

शाळेत लुई हुशार म्हणून ओळखला जात नव्हता. त्याला नाद होता चित्रांचा. आईचे, वडिलांचे, गावातल्या ओळखीच्या माणसांचे पेस्टल रंगांतले चेहरे तो काढत असे. त्यांतली बरीच चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. समोरच्या माणसाचा चेहरा डावी-उजवीकडे सारखा नसतो, हे चित्रकाराला सांगावे लागत नाही. ही नजर त्याला पुढे कामी आली.

पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला शिकायला पॅरिसला पाठवले, पण घरच्या आठवणीने तो इतका कासावीस झाला की काही आठवड्यांतच वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. मग त्याने घराजवळच्या बेझाँसाँ शहरात शिक्षण चालू ठेवले. विज्ञानाच्या पदवी परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला मिळालेला शेरा होता मध्यम. १८४२ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेशयादीत त्याचा क्रमांक पंधरावा आला. प्रवेश मिळत होता, तरी एवढ्या खालच्या क्रमांकाने जायचे नाही म्हणून त्याने तो नाकारला, वर्षभर पुन्हा अभ्यास केला आणि १८४३ मध्ये वरच्या क्रमांकाने आत गेला. एखादी गोष्ट पुरती हाती लागल्याशिवाय सोडायची नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

पॅरिसमध्ये द्युमा या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून तो भारावला. पुढे ब्रोमीन शोधून काढणाऱ्या बालार यांच्या प्रयोगशाळेत त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. तिथेच स्फटिक आणि ध्रुवित प्रकाश त्याच्या आयुष्यात आले.

दोरी, गज आणि प्रकाश

ध्रुवीकरण हा शब्द आज आपण राजकारणाच्या बातम्यांत अधिक वाचतो. प्रकाशाच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी पलीकडे नेऊन बांधा आणि अलीकडचे टोक हातात धरून हलवा. दोरी वर-खाली हलवली, तर लाट गजांमधून पार जाते. आडवी हलवली, तर गजांवर आपटून थांबते. प्रकाशही लाटांसारखा वागतो. साध्या उजेडात ही कंपने सर्व बाजूंना, मिसळून चाललेली असतात. काही स्फटिक गजांसारखे काम करतात आणि एकाच दिशेची कंपने पुढे जाऊ देतात. असा गाळून निघालेला प्रकाश म्हणजे ध्रुवित प्रकाश. गाडी चालवताना ओल्या रस्त्यावरची तिरीप अडवणारे पोलराइज्ड गॉगल हेच करतात. रस्त्यावरून परावर्तित होताना बराचसा प्रकाश आडव्या दिशेत ध्रुवित होतो आणि गॉगलचे अदृश्य गज तो अडवतात.

परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो, हे लक्षात आले ते १८०८ मध्ये. एतियेन-लुई मालुस हा फ्रेंच लष्करी अभियंता पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळते ऊन एका पारदर्शक स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला, की एक प्रतिमा मंद होत जाते, असे त्याला आढळले. ध्रुवीकरण हे नावही त्यानेच दिले. तीन वर्षांनी आरागो यांनी दाखवले, की ध्रुवित प्रकाश क्वार्ट्झच्या चकतीतून गेला, की त्याच्या कंपनांची दिशा वळते. घड्याळाचा काटा सरकावा तशी ती काही अंशांनी फिरते.

क्वार्ट्झचे ठीक होते. त्यात कण ठरावीक रचनेत बसलेले असतात आणि त्या रचनेमुळे प्रकाश वळत असेल, असे म्हणता येत होते. पण १८१५ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त बियो यांना दिसले, की टर्पेंटाइन तेलासारखा द्रवही प्रकाशाची दिशा वळवतो. पुढे साखरेच्या पाण्यातही तेच दिसले. द्रवात रेणू वाटेल तसे विखुरलेले असतात. तिथे कसलीच रांग नाही. म्हणजे वळवण्याची ही शक्ती एकेका रेणूतच असली पाहिजे. बियो हा निष्कर्षापर्यंत पोचले, पण रेणूत असे काय आहे, हे त्यांना सांगता येईना.

बियोंच्या या निरीक्षणाचा व्यवहारी उपयोग मात्र लगेच झाला. पाण्यात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वळतो. त्यामुळे वळण मोजले, की साखर मोजता येते. एकोणिसाव्या शतकात मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर या पद्धतीने मोजली जाई. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत आजही उसाच्या रसाचे ‘पोल’ काढतात. पोल म्हणजे पोलरायझेशनचेच छोटे रूप. उसाचा उतारा अमुक टक्के लागला अशी बातमी गळीत हंगामात आपण वाचतो, तेव्हा त्या आकड्याच्या मागे प्रयोगशाळेतल्या नळीतून गेलेला ध्रुवित प्रकाश असतो.

सारखे असूनही वेगळे

लुई ज्या कोड्यात गुंतला ते जर्मन शास्त्रज्ञ मिचरलिख यांनी १८४४ मध्ये मांडले होते. टार्टारिक आम्लाला एक जुळे भावंड होते. आल्सास प्रांतातल्या एका कारखान्यात टार्टारिक आम्ल बनवताना ते योगायोगाने सापडले होते. त्याला पॅराटार्टारिक किंवा रेसिमिक आम्ल म्हणत. या दोन आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार मिचरलिख यांनी तपासले. दोघांत तेच अणू, तितकेच. स्फटिकांचा आकार तोच, घनता तीच. फरक एकच. टार्टारिकचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते आणि पॅराटार्टारिकचे द्रावण अजिबात वळवत नाही. सगळ्या बाबतींत सारख्या असणाऱ्या दोन पदार्थांत असा फरक यावा कुठून?

लुईने टार्टारिकचे स्फटिक भिंगाखाली बारकाईने पाहिले, तेव्हा मिचरलिख यांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट त्याला दिसली. स्फटिकाच्या काही कडांवर लहानसे तिरपे पैलू होते आणि ते एकाच बाजूला होते. स्फटिक दोन्ही बाजूंनी सारखा नव्हता. जोडीतला एकच बूट समोर ठेवल्यासारखे ते होते. लुईने अंदाज बांधला की स्फटिकाची ही एकांगी ठेवण आणि प्रकाशाचे वळणे या गोष्टींचा परस्परांशी संबंध असणार. तसे असेल, तर प्रकाश न वळवणाऱ्या पॅराटार्टारिकच्या स्फटिकांवर असे एकांगी पैलू असता कामा नयेत.

त्याने ते स्फटिक तपासले आणि त्याचा धीर खचला. पैलू तिथेही होते. अंदाज चुकला होता. दुसरा कोणी इथे वही मिटून उठला असता. लुईने प्रत्येक स्फटिक आपल्याकडे एकाच बाजूने तोंड करून ठेवला आणि पुन्हा पाहिले. काहींवर पैलू उजवीकडे झुकलेले होते, काहींवर डावीकडे. उजवा आणि डावा हात, तसे हे स्फटिक एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा होते. हाताचे तळवे समोरासमोर जुळतात, पण उजव्या हातावर डावा हात तसाच ठेवून अंगठ्यावर अंगठा आणता येत नाही, तसेच हे.

मग तांदळातले खडे निवडावेत, तसे त्याने स्फटिक निवडले आणि दोन ढीग केले. उजव्या स्फटिकांचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवत होते, अगदी नेहमीच्या टार्टारिकसारखे. डाव्या स्फटिकांचे द्रावण प्रकाश तेवढाच, पण डावीकडे वळवत होते. दोन्ही सारख्या वजनाने मिसळले, की वळण शून्य. पॅराटार्टारिक हा तिसरा काही पदार्थ नव्हता. उजवे आणि डावे निम्मे-निम्मे मिसळून एकमेकांचा परिणाम खोडत होते. हे पाहून लुई खोलीबाहेर धावला आणि व्हरांड्यात भेटलेल्या पहिल्याच सहकाऱ्याला त्याने मिठी मारली, असे सांगतात.

नशिबाने साथ दिली होती, हे मान्य करायला हवे. उजवे आणि डावे असे वेगळे स्फटिक बनवणारे क्षार फार थोडे आहेत. आणि हा क्षारसुद्धा साधारण २७-२८ अंश सेल्सिअसच्या खालीच तसे करतो. त्याहून उष्णता जास्त असेल, तर दोन्ही प्रकार एकाच स्फटिकात बसतात आणि निवडायला काही उरत नाही. मुंबईच्या मे महिन्यात उघड्या खिडकीपाशी हा प्रयोग फसला असता. पण बर्लिनच्या थंड हवेत तोच क्षार मिचरलिख यांच्यासारख्या कसलेल्या माणसाच्याही डोळ्यांखालून गेला होता. नशीब दोघांचे सारखेच होते.

बियोंची परीक्षा

तो काळ फ्रान्समध्ये धामधुमीचा होता. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळून गेला. लुईने आपली साठवलेली १५० फ्रँक रक्कम नव्या प्रजासत्ताकासाठी देऊन टाकली होती. मे महिन्यात त्याचे संशोधन विज्ञान अकादमीपुढे आले आणि त्याच महिन्यात त्याची आई वारली.

अकादमीने हा दावा तपासण्याचे काम सोपवले बियोंकडे. बियो तेव्हा ७४ वर्षांचे होते. तरुणपणी, १८०४ मध्ये, गे-ल्युसाक यांच्याबरोबर फुग्यात बसून आकाशात जाऊन त्यांनी मोजमापे घेतली होती. तीस-बत्तीस वर्षे ते ध्रुवित प्रकाशाच्या मागे होते. या विषयातला फ्रान्समधला सर्वांत जाणता माणूस तोच आणि सहजासहजी विश्वास न ठेवणाराही तोच. लुईला त्यांनी कोलेज द फ्रान्समध्ये बोलावून घेतले.

परीक्षा साधी पण कडक होती. पॅराटार्टारिक आम्ल बियोंनी स्वतः दिले. ते प्रकाश वळवत नाही, याची खात्री त्यांनी आधीच करून घेतली होती. सोडा आणि अमोनियाही त्यांचेच. लुईने त्यांच्यासमोर द्रावण बनवले आणि ते सावकाश आटण्यासाठी तिथेच, बियोंच्या ताब्यात ठेवले. स्फटिक तयार झाल्यावर लुईला पुन्हा बोलावणे आले. त्याने स्फटिक निवडून दोन ढीग केले. यातले कुठले स्फटिक प्रकाश उजवीकडे वळवतील आणि कुठले डावीकडे, हे बियोंनी त्याच्याकडून आधीच वदवून घेतले. पुढचे काम मी करीन, असे सांगून त्याला घरी पाठवले. द्रावणे बियोंनी स्वतःच्या हाताने केली.

तिसऱ्यांदा बोलावून त्यांनी यंत्रात प्रथम डावे द्रावण ठेवले, कारण प्रकाश डावीकडे वळवणारे टार्टारिक आजवर कोणी पाहिलेच नव्हते. अंश मोजायचीही गरज पडली नाही. भिंगातल्या रंगांच्या बदलावरूनच त्यांना कळले, की प्रकाश डावीकडे वळला आहे. या क्षणी म्हाताऱ्या बियोंना भरून आले. त्यांनी लुईचा हात धरला आणि आयुष्यभर ज्या विज्ञानावर आपण प्रेम केले त्याची ही भेट पाहून आपले काळीज धडधडते आहे, अशा अर्थाचे काही ते बोलले. १८६२ मध्ये मरेपर्यंत ते पाश्चरांच्या पाठीशी उभे राहिले.

प्रकाश वळतो तिथे जीव

पुढच्याच वर्षी पाश्चर स्ट्रासबर्ग विद्यापीठात रुजू झाले आणि तिथल्या शिक्षणप्रमुखांची मुलगी मारी लोराँ हिच्याशी त्यांचे लग्न झाले. दिवसाचे प्रयोग संध्याकाळी पाश्चर सांगत आणि मारी लिहून घेई. हा परिपाठ आयुष्यभर चालला. दुर्मीळ झालेल्या पॅराटार्टारिक आम्लाचा माग काढत १८५२ मध्ये पाश्चर जर्मनी-ऑस्ट्रियातले कारखाने पालथे घालून आले. दुसऱ्या वर्षी त्यांनी साध्या टार्टारिकपासून ते स्वतःच तयार केले. पॅरिसच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेने त्यासाठी १५०० फ्रँकचे बक्षीस दिले. १८५६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने रम्फर्ड पदक दिले. जंतूंचे काम सुरू होण्याआधीच हे नाव युरोपभर झाले होते.

या काळात एक विचार पाश्चरांच्या मनात घट्ट रुजला. साखर, टर्पेंटाइन, टार्टारिक आम्ल, सिंकोनाच्या सालीतली द्रव्ये असे प्रकाश वळवणारे सगळे पदार्थ वनस्पतींपासून किंवा प्राण्यांपासून आलेले होते. प्रयोगशाळेत खनिजांपासून बनवलेल्या पदार्थांत उजवे-डावे असले, तरी ते निम्मे-निम्मे निघत. एकाच हाताचे रेणू बनवणे जणू फक्त जिवाला जमते. मग जिथे प्रकाश वळतो, तिथे मागे कुठेतरी जीव असला पाहिजे.

१८५४ मध्ये ते लील या औद्योगिक शहरात प्राध्यापक म्हणून गेले. तिथे बीटापासून मद्यार्क बनवणाऱ्या एका कारखानदाराचे आंबवण बिघडत होते. तो सल्ला मागायला आला. आंबणे म्हणजे निव्वळ रासायनिक कुजणे, यीस्टला त्यात जिवंत म्हणून काही काम नाही, असे लीबिग यांच्यासारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा मानत. पाश्चरांना मात्र आंबवणातून निघणाऱ्या एका अल्कोहोलने आधीच बुचकळ्यात टाकले होते. ते प्रकाश वळवत होते. कुजण्यातून असा पदार्थ निघावा, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. त्यांनी सूक्ष्मदर्शक उचलला आणि आंबवणाऱ्या द्रवात जिवंत, वाढणाऱ्या पेशी पाहिल्या. चांगल्या आंबवणात त्या गोल होत्या, आणि जिथे दूध नासल्यासारखा आंबटपणा येई, तिथे निराळ्या, लांबट होत्या. १८५७ मध्ये त्यांनी दुधाच्या आंबण्यावरचा निबंध मांडला. जंतुशास्त्राचा पाया इथे घातला गेला.

याच सुमारास त्यांच्या हाती आणखी एक नवल आले. पॅराटार्टारिकच्या द्रावणात एक हिरवट बुरशी धरली होती. सुरुवातीला ते द्रावण प्रकाश वळवत नव्हते. बुरशी वाढत गेली तसतसे ते डावीकडे वळवू लागले. बुरशी उजवे रेणू खाऊन टाकत होती आणि डावे तसेच सोडत होती. रसायनशास्त्रज्ञाला जे फरक चिमट्याने निवडून कळले, ते या क्षुद्र बुरशीला उपजत कळत होते. जिवंत शरीर दोन हातांच्या रेणूंशी सारखे वागत नाही, ही आजच्या औषधशास्त्रातली मूळ गोष्ट त्या बाटलीत दिसली.

त्यानंतरचे पाश्चर सर्वांना माहीत आहेत. निर्जीवातून जीव आपोआप उपजत नाही, हे त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या फ्लास्कमधून दाखवले. वाइन हलकी तापवून टिकवण्याची रीत काढली, तीच पुढे दुधाला लागू झाली. रेशीमकिड्यांच्या रोगावर कित्येक वर्षे घालवली. १८८१ मध्ये मेंढ्यांना सांसर्गिक काळपुळीची लस टोचून दाखवली. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मैस्टरला लस दिली आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली. मुंबईतल्या प्लेगवर लस तयार करणारे हाफकिन याच संस्थेतून भारतात आले.

या यशाच्या आतली वर्षे मात्र कठीण होती. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. १८५९ मध्ये नऊ वर्षांची जान आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, दोघी विषमज्वराने. त्यांच्या मध्ये, १८६५ मध्ये, दोन वर्षांची कामी. संसर्ग कसा होतो, हे शोधणाऱ्या माणसाच्या घरात संसर्गाने मुले दगावत होती. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. काही प्रमाणात ते सावरले, पण डावा हात पूर्वीसारखा झाला नाही. नाजूक प्रयोग पुढे साहाय्यकांच्या हातांनी करावे लागले. काळपुळीची आणि पिसाळीची लस ही त्यानंतरची कामे आहेत.

जिथे ते चुकले

पाश्चरांचा अंदाज सगळाच खरा ठरला असे नाही. सजीवांतल्या या एकांगीपणाचे मूळ विश्वातल्या एखाद्या एकांगी शक्तीत असेल, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी चुंबकाजवळ स्फटिक वाढवून पाहिले. सूर्य जणू पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो आहे, असे आरशांनी ऊन फिरवून त्यात रोपे वाढवायचाही घाट घातला. हाती काही लागले नाही. एकाच हाताचे रेणू फक्त सजीवच बनवू शकतात, ही त्यांची समजूतही पुढे खोटी ठरली. आज कारखान्यांत असे रेणू बनतात आणि त्याच्या पद्धती शोधणाऱ्या तीन रसायनशास्त्रज्ञांना २००१ चे नोबेल मिळाले. पण त्यांच्या मूळ निरीक्षणाला धक्का लागला नाही. १८७४ मध्ये वान्ट हॉफ आणि ल बेल यांनी वेगवेगळे राहून दाखवले, की कार्बनच्या अणूचे चार हात चार कोपऱ्यांकडे पसरलेले असतात आणि चारही हातांना निरनिराळे गट जोडले, की रेणूला उजवे-डावे रूप येते. स्फटिकांवरून पाश्चरांनी जे ताडले होते, त्याला असा आकार मिळाला.

औषधाच्या पाकिटावर

सलाइनच्या बाटलीवर डेक्स्ट्रोज असे लिहिलेले असते. ती ग्लुकोज साखरच. डेक्स्ट्रो म्हणजे उजवे. ती ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते म्हणून हे नाव. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, कंपवाताची लेव्होडोपा, सर्दी-ॲलर्जीची लेव्होसेटिरिझिन यांतल्या लेव्होचा अर्थ डावे.

हा फरक आपल्या नाकालाही कळतो. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपांचा वास यांत मोठा वाटा कार्व्होन या एकाच द्रव्याचा. पुदिन्यात त्याचे डावे रूप असते, बाळंतशेपांत उजवे. आपल्या शरीरातली प्रथिनेही एकाच हाताची असल्यामुळे डाव्या पायाला उजवा बूट बसत नाही, तशी औषधाची दोन रूपे शरीरात सारखी बसत नाहीत. सेटिरिझिनमध्ये उजवे-डावे दोन्ही असतात आणि मुख्य काम करते ते डावे. म्हणून सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम देतात, तिथे लेव्होसेटिरिझिन पाच मिलिग्रॅम पुरते. नावे सारखी वाटतात म्हणून या गोळ्या आपल्या मनाने एकास एक बदलू नयेत, ते त्यासाठीच.

थॅलिडोमाइडची गोष्ट याहून कठोर आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून ते बाजारात आले आणि अनेक देशांत गरोदर स्त्रियांना मळमळीसाठीही दिले गेले. १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले, तोवर हजारो मुले अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. त्याचीही उजवी-डावी रूपे असतात. गर्भाला इजा त्यांतल्या एका रूपामुळे होते, असे पुढच्या अभ्यासांतून पुढे आले. पण नुसते दुसरे रूप देऊनही उपयोग झाला नसता, कारण शरीरात एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर होते. दोन हातांचे रेणू वेगळे करणे एवढ्याने काम संपत नाही. शरीरात गेल्यावर ते काय करतात, हेही तपासावे लागते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या औषधांच्या दोन्ही रूपांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, असे धोरण जाहीर केले.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चरांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या संस्थेतच त्यांची समाधी आहे. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांना रेणूंच्या उजव्या-डाव्याचा प्रश्न सोडवत नव्हता. जंतूंमागे लागून आपण तो अर्ध्यावर टाकला, याची खंत ते बोलून दाखवत.

तो प्रश्न अजून सुटलेला नाही. चिंचेचे झाड टार्टारिक आम्ल बनवते ते जवळजवळ सगळे एकाच हाताचे. आपली प्रथिनेही एकाच हाताची. पृथ्वीवर जीव सुरू झाला, तेव्हा त्याने हाच हात का धरला, दुसरा का नाही, यावर प्रयोगशाळांतून आजही काम चालू आहे.